आधी चिंचोका टाक

शमीम आपांच्या शोकसभेत एका वक्त्याने सांगितलं की आपांनी जालना जिल्ह्यातल्या असंख्य मुलांना विज्ञान सोपं करून समजावून सांगितलं. मी मागच्या रांगेत होतो. हसू दिसू नये म्हणून खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिलो. आपांनी कुणाला काही समजावून सांगितलं असेल, तर निदान माझ्यासमोर तरी नाही. उलट समजावून सांगणाऱ्या माणसाला त्या शक्यतो आत येऊ देत नसत. इतकं चुकीचं वाक्य इतक्या भक्तिभावाने बोललेलं ऐकून त्यांना मात्र मजा आली असती.

आमचं विज्ञानघर जालन्यात, सरकीच्या एका जुन्या गोदामात आहे. मुलांनी स्वतः ओढून, फुंकून, फिरवून बघायच्या वस्तू तिथे ठेवलेल्या आहेत. त्यांना आम्ही मांडण्या म्हणतो. मांडण्या रचायचं काम आपांचं आणि त्यांच्या पाट्या लिहायचं काम माझं. मी मराठीचा मास्तर, निवृत्तीनंतर संस्थेने बोलावलं म्हणून आलेला. आपा टेंभुर्णीला विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. घरी उर्दू, शाळेत मराठी आणि भांडताना दोन्ही. सलवार-कमीज, त्यावर ओढणी आणि पायात मुलांचे असतात तसे खेळाचे बूट. जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात स्क्रू, वायसर, सुईदोरा. खालच्या कप्प्यात खिचडी. त्यांच्या डब्यातलं काही खाताना जपून खावं लागे.

पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. एक मोठं नरसाळं होतं, त्यात हलका चेंडू आणि खालून हवा मारायला लोहाराकडचा भाता. पायाने भाता दाबला की चेंडू वर उडेल असं कुणालाही वाटतं. तो उडत नाही, नरसाळ्यातच चिकटून थरथरत राहतो. मी हवेच्या दाबावर एक परिच्छेद लिहिला होता. सोपा, प्रवाही, मला स्वतःला आवडलेला. आपांनी तो उभ्या उभ्या वाचला.

"भाऊ, लई मस्त लिहिलंय. पण आता पोरानं काय करायचं? सगळं तर तुम्हीच करून टाकलं."

"अहो, त्याला कळायला नको का, चेंडू का उडत नाही ते?"

"उडत न्हाई हेच त्याला अजून कुठं म्हाईत हाये?"

त्यांनी पेनने सगळ्या परिच्छेदावर एक तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'आधी चिंचोका टाक. मग करून बघ.' पुढे प्रत्येक मांडणीवर एवढीच पाटी लागली. मराठी घेऊन उभा जन्म काढलेल्या माणसाकडून त्यांनी एवढंच लेखन करून घेतलं, आणि तेही त्यांचंच होतं.

चिंचोक्याची गोष्ट अशी. प्रत्येक मांडणीपाशी वाडगाभर चिंचोके आणि तोंड झाकलेले दोन डबे असत. काय होईल ते आधी मनाशी ठरवायचं, त्या डब्यात चिंचोका टाकायचा आणि मगच भात्यावर पाय द्यायचा. तोंडाने सांगायचं नाही. तोंडाने विचारलं की वर्गातला एक हुशार मुलगा उत्तर देतो आणि बाकीचे त्याच्यामागे 'हो' म्हणतात, हे आपांनी सगळी नोकरी पाहिलेलं होतं. डब्यात हात घालताना मात्र प्रत्येकाला स्वतःपुरतं ठरवावं लागतं.

आणि ज्याचं चुकेल त्याने डब्यातून चिंचोका परत काढून घरी न्यायचा. बरोबर आलेल्याने ठेवून जायचा. आमच्या संस्थेचे अध्यक्ष बोराडे सर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे. त्यांना हे पटेना.

"हे उलटं नाही का होत, आपा? बक्षीस बरोबर उत्तराला असतं."

"बक्षीस कुठंय सर हे? ज्याचं बराबर आलं त्याचं काम खतम. ज्याचं चुकलं त्याचं आता सुरू झालं. घरी खिशात हात गेला की त्याला आठवलं पाहिजे."

चिंचोक्यांनी खेळायला मिळतं म्हणून काही पोरं दुसऱ्या फेरीत मुद्दाम चुकायला लागली. मी ते मोठ्या तत्परतेने आपांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "मुद्दाम चुकायला बराबर काय ते ठाऊक लागतं. चालू द्या." टरफलासकट चिंचा विकत घेऊन चिंचोके सोलायचं काम मग माझ्याकडेच आलं.

नवी मांडणी तयार झाली की आपा गुडघ्यांवर चालत तिच्याभोवती फिरत. गोदामाच्या फरशीवर, ओढणी कमरेला खोचून. वाडगा मुलाच्या हाताला येतो का, दांडा डोळ्यात जाईल का, हे त्या उंचीवरूनच कळतं असं त्यांचं म्हणणं. "मोठ्या माणसाची उंची इथं कामाची न्हाई." त्यांचे गुडघे पुढे दुखू लागले ते त्यामुळेच, असं मला वाटतं. त्यांना ते मान्य नव्हतं.

आणि त्यानंतर त्या मांडणीकडे बघतच नसत. हॉल आणि चहाची खोली यांच्यामध्ये गोणपाटाचा पडदा आहे. मुलं आत आली की आपा पडद्यामागे स्टुलावर, हॉलकडे पाठ करून, शेंगा सोलत बसत आणि ऐकत. मी एकदा विचारलं, समोर चाललंय तर बघत का नाही?

"बघायला गेलं की आपल्याला आपलंच कवतिक दिसतंय, भाऊ. पोरगं हसलं की वाटतंय, वा, काय बनवलं आपण. ऐकताना तसं होत न्हाई."

त्यांना एकच आवाज हवा असे. 'आं?' असा. चिंचोका टाकलेला, भाता दाबलेला, क्षणभर शांतता आणि मग पोटातून आलेला तो 'आं?'. तो आला की त्या मान हलवून पुढची शेंग उचलत. नाही आला तर मांडणी संध्याकाळी उघडून बसत. 'वा!' मात्र त्यांना बिलकुल चालत नसे. एका दात्याने आम्हाला आरशांची विहीर दिली होती. वाकून पाहिलं की खोल खोल दिवे दिसतात, तळ लागतच नाही. मुलं तिथून हलत नसत, पाहुणे फोटो काढत. आपांनी पडद्यामागून दिवसभर ऐकलं आणि ती विहीर उचलून दारापाशी, चपलांच्या फळीजवळ ठेवायला लावली. बोराडे सर हादरले.

"आपा, आपल्याकडची सगळ्यात लोकप्रिय वस्तू आहे ती!"

"म्हणून तर. चपला काढता काढता बघून घेऊ द्या. तिच्यात सगळे बघतात सर, पण चुकत कुणीच न्हाई."

यावर बोराडे सरांकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडे विहीर उचलायला दुसरा माणूस नव्हता. माझी कंबर बरेच दिवस धरली होती.

या सगळ्याच्या आड येणारा प्राणी म्हणजे शिक्षक. हे मी शिक्षक असून सांगतो. सहलीची जीप थांबली की मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने आत येत, आणि सर रांगेच्या पुढे उभे राहून सुरू करत, "सांगा मुलांनो, चेंडू का उडला नाही? कारण हवेला काय असतो?" रांग ओरडे, "दाब!" झालं. चिंचोका वाडग्यातच. म्हणून आपांनी विज्ञानघरात सगळ्यात आधी काय रचलं असेल तर ती चहाची खोली. गाद्या टाकलेल्या खुर्च्या, पंखा, वर्तमानपत्रं, बशीत खारी. चहावाल्याला सक्त सूचना होती की चहा मंद आचेवर करायचा. सर लोक तिथे एकदा टेकले की उठत नसत. इतकी यशस्वी मांडणी आमच्याकडे दुसरी नाही.

वाटूरचे एक सर मात्र चहाच घेत नव्हते. पित्ताचा त्रास. खारीही नको. ते आपले रांगेबरोबर. आपा पडद्यामागून उठल्या, त्यांना बाजूला घेऊन गेल्या. तिथे एकसारखे दिसणारे दोन चेंडू उंचावर, पण हात पोचेल असे टांगलेले होते, एकात गच्च वाळू, दुसरा पोकळ. दांडा ओढला की दोन्ही एकदम सुटून खालच्या पत्र्यावर पडतात.

"सर, तुम्ही टाका चिंचोका. पत्र्यावर आवाज एक येईल का दोन?"

सर हसले. "मॅडम, हे आम्ही दरवर्षी शिकवतो."

"मंग तर सोपंच हाये."

सरांनी हातात चिंचोका घेतला. वाळूचा चेंडू एका हाताने उचलून पाहिला, दुसरा दुसऱ्या हाताने. पुन्हा वाळूचा. त्यांचा चेहरा मी पाहत होतो. दरवर्षी शिकवलेलं एकीकडे आणि हाताला लागलेलं वजन दुसरीकडे. शेवटी त्यांनी चिंचोका 'दोन'च्या डब्यात टाकला. दांडा ओढला, पत्र्यावर एकच धप्प आवाज आला. सरांनी चेंडू परत अडकवले आणि पुन्हा दांडा ओढला. मग आपल्या मुलांकडे बघून म्हणाले, "तुम्ही करा तुमचं तुमचं. मी आहे इथंच." चिंचोका त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. पुढे ते सुट्टीच्या दिवशीही येऊ लागले.

हे असं छान चाललेलं असताना जिल्हा परिषदेतून एक साहेब पाहणीला आले. त्या दिवशी धावड्याच्या शाळेची मुलं होती. साहेबांनी चेंडूंच्या मांडणीपाशी एका मुलीला थांबवलं. तिची मूठ घट्ट मिटलेली.

"काय शिकलीस गं बाळ इथे?"

"माझं चुकलं," मुलगी आनंदाने म्हणाली.

"म्हणजे?"

"मला वाटलं जड आधी पडंल. न्हाई पडलं. दोन्ही बराबर पडले."

"शाब्बास. का बरं?"

"म्हाईत न्हाई."

साहेबांनी बोराडे सरांकडे पाहिलं. फार काही बोलले नाहीत, चहा घेऊन गेले. पण सरांच्या जिव्हारी लागलं. ते गेल्यावर सर आपांना म्हणाले की आता पुरे, प्रत्येक मांडणीवर उत्तराची पाटी लागेल आणि समजावून सांगायला एक माणूसही ठेवू.

"सर, ती पोरगी घरी जाऊन विचारील. ते इच्यारणं मारू नका."

"कुणाला विचारील, आपा?" सर शांतपणे म्हणाले. "शहरातल्या मुलाला सांगायला कुणीतरी असतं. हिला घरी कोण सांगणार? मूठ मिटून गेली ती. मुठीत चिंचोका आहे, उत्तर नाही. हा तिच्यावर अन्याय नाही का?"

आपा पडद्यामागे जाऊन बसल्या, आणि कितीतरी दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. रुसवा धरण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण हा रुसवा नव्हता. बोराडे सरांचं म्हणणं त्यांना आतून पटलं होतं, आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं.

पाट्या अर्थातच मी लिहिल्या. इतकी वर्षं दाबून ठेवलेली सगळी हौस भागवून घेतली. सुंदर पाट्या झाल्या. लावल्यावर पहिल्या दिवशी मीही पडद्यामागे आपांच्या शेजारी स्टूल टाकून, पाठ करून बसलो. माझी वाक्यं मुलं मोठ्याने, अडखळत, एका सुरात वाचत होती. वाचून झालं की पावलं पुढच्या मांडणीकडे. भात्याचा आवाज कमी, चिंचोक्यांचा त्याहून कमी. 'आं?' दिवसभरात एकदाही आला नाही. आपांनी मला टोमणाही मारला नाही, शेंगांची बशी तेवढी माझ्याकडे सरकवली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आपा बोराडे सरांकडे गेल्या.

"सर, तुमचं बराबर हाये. माझं बी चूक न्हाई. पाट्या राहू द्या. पण हॉलमध्ये नको, चहाच्या खोलीत लावा."

"तिथे कोण वाचणार?"

"गुरुजी लोक. चहा येईस्तोवर करतात काय ते? धावड्याच्या पोरीला घरी सांगणारं न्हाई, पण शाळेत तर हाये. तिनं उद्या तिथं इच्यारावं."

सर हट्टी असले तरी वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "तुम्ही आहात तोवर हे चालेल. पण तुमचे गुडघे आता ऐकत नाहीत, तुम्हीच म्हणता टेंभुर्णीला जायचं. तुमच्या मागे कोण? दिवाळीपर्यंत थांबतो. तोवर तुमच्या पद्धतीची एक तरी नवी मांडणी दुसऱ्या कुणी उभी केली, तर पाट्या चहाच्या खोलीत राहतील. नाहीतर बाहेर."

"भाऊ करतील की," आपा म्हणाल्या.

भाऊ म्हणजे मी. मी आयुष्यात भिंतीला खिळा ठोकलेला नव्हता. तसं मी म्हणालोही. आपा बुटांच्या नाड्या बांधत होत्या. "ठोकायला माणूस मिळतोय, भाऊ. तुम्ही फकस्त कुठंतरी चुका." आणि त्या टेंभुर्णीला गेल्या. फोन केला तर गुडघ्याबद्दल बोलत, पावसापाण्याबद्दल बोलत. मांडणीचा विषय काढला की, "आवाज येऊन नाही राह्यला बराबर," म्हणून ठेवून देत.

ठरवून चुकणं फार अवघड असतं. मी पुस्तकं चाळली, वाटूरच्या सरांना विचारलं, पण जे वाचलं त्याचं उत्तर त्याच पानावर असे. श्रावण गेला, गणपती गेले. मग एका दुपारी शर्टाचं बटण लावताना हातातलं दोऱ्याचं रीळ निसटून खाटेखाली गेलं. दोऱ्याचं टोक हातात होतं. मी उभा राहून दोरा ओढला, तर रीळ आणखी आत पळालं. वाकून, जमिनीलगत ओढला, तर दोरा उलगडायच्या ऐवजी रीळच दोरा गुंडाळत माझ्याकडे चालत आलं. घरात कुणी नव्हतं. मी मोठ्याने म्हणालो, "आं?"

मग एक लाकडी ड्रम मिळवला, विजेच्या केबल गुंडाळून येतात तसला, दोन बाजूंना मोठी चाकं आणि मध्ये बारीक पोट. पोटावर जाड दोर गुंडाळला, त्याचं टोक खालच्या बाजूने, फरशीलगत ओढता येईल असं बाहेर काढलं. दोन डबे ठेवले. 'जवळ येईल' आणि 'दूर जाईल'. चाकांच्या कडा तासून घ्यायच्या हे मला गुडघ्यांवर रांगल्यावर कळलं. ड्रम असा का वागतो, ते वाटूरच्या सरांनी सांगितलं आणि त्याची पाटी मी चहाच्या खोलीत लावली.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी टेंभुर्णीच्या शाळेची सहल आली. बोराडे सर मुद्दाम आले होते. मी त्यांना पडद्यामागे स्टूल दिलं, हॉलकडे पाठ करून बसायला सांगितलं. शेंगाही दिल्या. सर नाइलाजाने सोलू लागले. मुलांची पावलं आली, वाडग्यात हात खुळखुळले. आणि मग एक ओळखीचा आवाज ऐकू आला. रांगेच्या शेवटी आपाही आलेल्या होत्या. मला कुणी कळवलंच नव्हतं.

"हे तर रीळ हाये," तोंडाने न सांगायचा आपलाच नियम विसरून आपा कुणा मुलीला सांगत होत्या. "माझे अब्बा दर्जी होते. रिळावर तर वाढले मी. दोर खालून निघालाय, ओढला की सुटत जाणार, आन् ड्रम जाणार तिकडं लांब."

चिंचोका डब्यात पडल्याचा आवाज आला. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या जन्मभर ज्या वस्तूला हात लावत आल्या त्याच वस्तूवर मी त्यांना अडवायला निघालो होतो, आणि चुकून त्यांचं बरोबर असलं तर पाट्या उद्या बाहेर येणार होत्या. दोर ताणल्याचा करकर आवाज झाला. मग फरशीवर लाकूड घरंगळल्याचा. मग काहीच नाही.

"आं?"

बोराडे सरांनी माझ्याकडे पाहिलं. हॉलमध्ये एक मुलगी म्हणत होती, "आपा, मी सांगू का कसं झालं?"

"गप! मला कुणी काही सांगायचं न्हाई!"

पुन्हा दोर, पुन्हा घरंगळणं. पुन्हा. बोराडे सरांनी शेंगेची टरफलं मुठीत गोळा केली आणि हळूच म्हणाले, "राहू द्या पाट्या इथंच."

इतक्या वेळाने मी पहिल्यांदा वळलो आणि गोणपाटाच्या फटीतून पाहिलं. आपा ते दुखरे गुडघे घेऊन सरळ फरशीवर बसल्या होत्या, दोर कधी वर धरून, कधी जमिनीला टेकवून. मुलं भोवती होती, पण त्यांचं मुलांकडे लक्ष नव्हतं. मी पुढे गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी मला शाबासकी तर दिली नसतीच, वर बघायला आलो म्हणून झापलं असतं.

जीपचा हॉर्न वाजला तेव्हा त्या भिंतीला धरून उठल्या. 'दूर जाईल'च्या डब्यात हात घालून एक चिंचोका काढला. दारापाशी, आरशांच्या विहिरीजवळ बसून बूट घातले, मग ओढणीच्या टोकाला तो चिंचोका ठेवून गाठ मारली. गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मुलांच्या मागोमाग जीपकडे गेल्या.